सॉसेज-मिरचीच्या तळाला दर वेळी पाणी का साचतं?

न्यू जर्सीत आल्यापासून हा एक पदार्थ मी निदान पंधरा वेळा बिघडवला असेन. पाच इटालियन सॉसेजेस, तीन मोठ्या ढोबळ्या मिरच्या, दोन कांदे, थोडं तेल. याला पाककृती म्हणायलाही संकोच वाटावा. तरी दर वेळी तेच: मिरच्या लिबलिबीत, तळाशी वाटीभर पिवळट पाणी आणि त्यात पहुडलेली करड्या रंगाची सॉसेजेस. रंग यावा म्हणून आच वाढवली की एका बाजूने करपायची, फट्कन फुटायची आणि कापून बघावं तर मधे गुलाबी. चव अगदीच वाईट नसायची, म्हणून तर इतके दिवस चालून गेलं.

मी दोष कोणाकोणाला दिला ते आधी सांगते, कारण तुम्हीही बहुतेक याच क्रमाने जाल. पहिला नंबर भाड्याच्या घरातल्या कॉइलच्या शेगडीचा. मग मिरच्यांचा, इथल्या मिरच्या पाण्यानेच फुगवतात अशी माझी खात्री झाली होती. मग सॉसेजचा ब्रँड बदलला. शेवटी बारा इंची बिडाचा तवा आणला. त्यावर पहिली पाच मिनिटं झकास चरचर झाली. सहाव्या मिनिटाला पुन्हा डबकं.

उत्तर सापडलं ते व्हिडिओ कॉलवर. आई सांगलीला. ती मांसाहार करत नाही, त्यामुळे पहिली सूचना आली ती, "ते आधी कॅमेऱ्यासमोरून बाजूला घे." दुसरी, "अगं, झाकण कशाला घातलंयस?"

"एक वाफ काढते ना."

"भेंडीवर घालतेस का झाकण?"

"नाही."

"आणि मीठ कधी घातलंस?"

मीठ मी मिरच्या तव्यात पडल्या पडल्या घातलं होतं. भेंडीला मी ते कधीच करत नाही. झाकण नाही, पाण्याचा हात नाही, मीठ शेवटी, हे तेराव्या वर्षापासून हाताला माहीत आहे. पण ढोबळी मिरची आली की हात कोबीच्या भाजीच्या वळणावर जातो: फोडणी, भाजी, मीठ, झाकण, एक वाफ. कोबीला ते शोभतं. इथे त्यानेच घात होतो.

पाणी नेमकं किती

ढोबळ्या मिरचीत वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी असतं, कांद्यात ८९ टक्क्यांच्या आसपास. तीन मिरच्या आणि दोन कांदे चिरून पाऊण किलो भाजी झाली, तर त्यात साडेसहाशे ग्रॅमच्या वर पाणी आहे. ते सगळं बाहेर येत नाही, पण मीठ आणि झाकण मिळून दोनशे ग्रॅम सहज काढतात. दोनशे ग्रॅम उकळतं पाणी वाफ होऊन जायला साधारण ४५० किलोज्यूल उष्णता लागते. दीड हजार वॉटच्या शेगडीची सगळी उष्णता भांड्यात गेली असं धरलं तरी पाच मिनिटं झाली; प्रत्यक्षात बरीच इकडेतिकडे जाते, म्हणजे आठ-दहा मिनिटं धरा. आणि तळाशी पाणी आहे तोवर त्यातलं काहीही १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही. खरपूस रंग आणि तो खमंग वास यायला १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणजे ती दहा मिनिटं तुम्ही सॉसेज भाजत नसता, मिरचीच्या पाण्यात उकडत असता. शेगडी बिचारी निर्दोष होती.

तवा भरगच्च भरला की हेच दुपटीने होतं. तुकड्यांवर तुकडे चढले की खालच्याची वाफ वरच्यात अडकते. झाकण न घालताही झाकण घातल्यासारखं.

मग मंद आचेवर सगळं एकत्र ठेवून पाणी आटवलं तर? केलंय तेही. पाणी आटेपर्यंत मिरचीचा गर संपतो आणि चघळायला साल उरते.

सॉसेजचं गणित उलटं आहे

इथे मला खरा धक्का बसला. ज्या वाफेने मिरची बिघडते, तीच सॉसेजला हवी असते. मी भाजीला वाफ देत होते आणि सॉसेजला थेट तापल्या तव्यावर टाकत होते. अगदी नेमकं उलटं.

हे सॉसेज म्हणजे कच्चा, जाडसर कुटलेला डुकराच्या मांसाचा खिमा, आतड्याच्या नळीत भरलेला. अमेरिकी सरकारी नियमाप्रमाणे ‘इटालियन सॉसेज’ म्हणवून घ्यायचं तर त्यात मीठ, मिरी आणि बडीशेप किंवा अनीस (तशाच वासाचं दुसरं बी) लागतंच, आणि चरबी ३५ टक्क्यांपर्यंत चालते. पाकिटावर ‘स्वीट’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तिखट नाही, एवढाच. मी पहिल्यांदा ते गोड असेल या भीतीने परत ठेवलं होतं. जाडी अंगठ्याहून जास्त. तापलेल्या तव्यावर बाहेरचा अर्धा सेंटीमीटर करपतो तोवर आतलं मांस थंडच असतं. शिवाय वरची नळी तापली की आखडते आणि आतलं मांस व वाफ फुगते. दोन्हींची ओढाताण झाली की फट्कन आवाज येतो आणि चरबी शेगडीवर.

काट्याने टोचून ठेवा असा सल्ला सगळे देतात. फुटत नाही हे खरं, पण त्या भोकांतून रस आणि चरबी गळून जाते आणि आतला खिमा भुसभुशीत होतो. मी टोचणं सोडलं.

त्याऐवजी असं करा. सॉसेजेस गार तव्यात एका थरात मांडा, अर्धा कप पाणी घाला, झाकण ठेवा आणि मध्यम आच लावा. हो, झाकण. आईला सांगू नका. आठ ते दहा मिनिटं, मधे एकदा उलटायची. सॉसेज करडं, फुगीर, काहीसं केविलवाणं दिसेल, घाबरू नका. आता झाकण काढा आणि कान द्या. आधी पाण्याची बुडबुड ऐकू येते. ती हळूहळू दाट होत जाते, आणि मग दहा-पंधरा सेकंदांत आवाज बदलतो: बारीक, कोरडी चरचर. पाणी संपलं, उरली ती सुटलेली चरबी. इथून पाच-सहा मिनिटं चिमट्याने फिरवत राहा. आतून जवळजवळ शिजलेलं असल्यामुळे आता फक्त रंगाचं काम उरतं आणि नळी फुटत नाही.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. तिखट सॉसेजमध्ये लाल मिरची असते, ते शिजूनही तांबूस दिसतं; उलट एखादं करडं दिसूनही कच्चं असू शकतं. दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर घ्या. डुकराच्या खिम्याला मधोमध १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सियस. चिकन किंवा टर्कीचं सॉसेज असेल तर १६५, म्हणजे ७४. काटा बाजूने न खुपसता टोकाकडून लांबीत आत घाला. मधल्या भागाचं तापमान नीट कळतं आणि रस कमी गळतो. ताटलीत काढून ठेवा. ताटलीत जो रस जमेल तो फेकू नका.

आता भाजी, त्याच तव्यात

मिरच्या आधी धुऊन फडक्याने पुसून घ्या. मी नळाखालून थेट पाटावर आणायचे, म्हणजे घरचं पाणी पुरेसं नव्हतं म्हणून बाहेरचंही. आतला पांढरा भाग काढा आणि बोटाएवढ्या रुंद, दीडेक सेंटीमीटरच्या पट्ट्या चिरा. चायनीजच्या भाजीसारख्या बारीक चिरल्या तर कापलेल्या कडा वाढतात, आणि पाणी सुटतं ते कडांतूनच. कांदा उभा, जाडसर.

तव्यात सॉसेजची चरबी आहेच. फार असेल तर दोन चमचे ठेवून बाकीची काढा. आच मोठी. मिरच्या दोन हप्त्यांत घालायच्या, निम्म्या आता, निम्म्या नंतर. सालीची बाजू खाली. तवा मधे मधे दिसला पाहिजे. आणि मग दोन मिनिटं उलथनं खाली ठेवून द्या. माझ्यासाठी सगळ्या पदार्थातलं हे सगळ्यात अवघड काम आहे. आपल्या हाताला सतत हलवायची सवय. पण दर ढवळीला गरम झालेला तुकडा वर येतो आणि थंड तुकडा खाली जातो, तवा सावरायला वेळच मिळत नाही. दोन मिनिटांनी उलटलं की सालीवर तपकिरी-काळे डाग दिसतील. अजून दोन मिनिटं, की बाहेर. दुसरा हप्ता. मग कांदा एकटा, पाच-सहा मिनिटं.

आता सगळी भाजी परत तव्यात. मीठ इथे. लसणाच्या तीन पाकळ्या बारीक चिरून याच वेळी, कारण आधी घातल्या तर करपून कडू होतात. चिमूटभर ओरेगॅनो. एक चमचा व्हिनेगर, आणि ताटलीतला तो रस. तळाला चिकटलेलं सगळं तपकिरी खरवडून घ्या. चव तिथेच बसलेली असते. सॉसेजेस वर ठेवून दोन मिनिटं, झाकणाशिवाय. मीठ बेताने, सॉसेजमध्ये भरपूर असतं.

नॉनस्टिक तवा असेल तर मोठ्या आचेवर रिकामा तापवू नका. त्यावर मिरच्या तीन हप्त्यांत करा आणि डाग कमी पडतील हे मान्य करा.

पण जत्रेतल्या मिरच्या तर मऊच असतात!

असतात. दर सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटवर सान जेनारो या संताची जत्रा भरते. नेपल्सहून आलेल्या लोकांनी ती १९२६ साली सुरू केली. १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले, त्यातले बहुतेक दक्षिणेकडचे, आणि हा पदार्थ त्यांच्याच वस्त्यांतून रस्त्यावर आला. तिथे लांब पावात सॉसेज घालून वर मिरची-कांद्याचा ढीग रचून देतात, आणि त्या मिरच्या अगदी लोळागोळा, गोड, जामसारख्या असतात.

मी एका गाड्यासमोर चांगली वीस मिनिटं उभी राहून पाहिलं (नवरा दोन गाड्या पुढे निघून गेला होता). तवा सपाट, काठ नसलेला, जवळजवळ दारापेक्षा रुंद. भाजीचा ढीग एका कडेला, आणि गाडीवाला त्यातली मूठमूठ ओढून मधे पसरत होता. काठ नाही म्हणून वाफ अडकायला जागा नाही; ढिगातून झिरपलेलं पाणी गरम भागावर आलं की लगेच उडून जात होतं. म्हणजे भाजी मऊ होण्याला हरकत नाही, ती स्वतःच्या पाण्यात बसून मऊ व्हायला नको. घरी तशी हवी असेल तर डाग पडल्यावर आच मंद करून, उघडीच, वीस मिनिटं ठेवा. मला स्वतःला थोडी करकरीत आवडते.

जाता जाता: इटालियनमध्ये ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळ्या मिरच्या. अमेरिकेत पिझ्झावर येतात त्या पेपरोनीच्या लाल चकत्या वेगळ्याच. इटलीत त्या आशेने पिझ्झा मागवलात तर भाजी येईल.

ओव्हनमध्ये करत असाल तर

कारण तेच, फक्त तव्याच्या जागी ट्रे. २२० अंश सेल्सियस, म्हणजे ४२५ फॅरनहाइट. ओव्हन पूर्ण तापल्यावरच ट्रे आत जाऊ द्या. इथला नेहमीचा मोठा ट्रे साधारण ३३ बाय ४६ सेंटीमीटरचा असतो. त्यावर पाच सॉसेजेस आणि पाऊण किलो भाजी एकत्र बसत नाही, कितीही कोंबली तरी. दोन ट्रे घ्या. बटाटे घालणार असाल तर ते पंधरा मिनिटं आधी आत जातात, नाहीतर मिरची जळून जाते आणि बटाटा दातांखाली कचकन लागतो. सॉसेजला २५ मिनिटांच्या आसपास लागतात, मधे एकदा उलटून. पुण्यामुंबईच्या छोट्या ओटीजीत निम्मंच प्रमाण करा आणि दहाव्या मिनिटाला दार क्षणभर उघडून कोंडलेली वाफ जाऊ द्या.

झुकिनी घालू नका. ९५ टक्के पाणी असलेली भाजी घालून वर तक्रार करायची नाही. मश्रूम चालतात, पण तेही वेगळे परतून. गोठवलेल्या मिरचीच्या पट्ट्यांचं पाकीट मोह पाडतं. बर्फाने त्यांच्या पेशी आधीच फुटलेल्या असतात, तव्यात पडताक्षणी सगळं पाणी मोकळं. त्या सूपसाठी ठेवा. गोठवलेली सॉसेजेस मात्र आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्या.

आत्ता, या क्षणी तव्यात पाणी साचलंय

पाहुणे बसलेत आणि हे वाचताय, तर: आच वाढवून भाजीसकट आटवत बसू नका. झाऱ्याने सगळं ताटात उपसून घ्या, पाणी तव्यातच राहू द्या. सॉसेजेस कच्ची असतील तर ती त्याच पाण्यात झाकून शिजवून घ्या, तेवढा तरी उपयोग. मग ते पाणी मोठ्या आचेवर चमचाभर व्हिनेगर घालून पाकासारखं होईपर्यंत आटवा आणि भाजीवर ओता. रंग येणार नाही, चव वाचेल. किंवा सरळ टोमॅटोचा डबा उघडून घाला आणि पास्ता उकळत ठेवा. टोमॅटोच्या रश्शातलं सॉसेज-मिरची हाही अमेरिकेतल्या इटालियन लोकांच्या घरचा जुना प्रकार आहे, त्यात पाणी हवंच असतं. मी दोनदा असं केलं आणि मुद्दाम केल्यासारखा चेहरा ठेवला.

भारतात करायचं तर

थंड कपाटात मिळणारी चिकन सॉसेजेस बहुतेक बारीक वाटलेल्या मांसाची आणि आधीच शिजवलेली असतात. पाकीट वाचा. शिजवलेली असतील तर पाणी-झाकणाची पायरी गाळा. तिरप्या चकत्या करून थोड्या तेलात रंग आणा आणि शेवटी भाजीत मिसळा. चव इटालियन वाटणार नाही, कारण त्यात बडीशेप नसते. एक चमचा जाड बडीशेप कोरडी भाजून भरड कुटून भाजीत घाला, बराच फरक पडतो. त्याहून बरं म्हणजे घरी खिमा: अर्धा किलो चिकन किंवा पोर्क, दीड चमचा मीठ, चमचाभर भरड बडीशेप, अर्धा चमचा मिरपूड, दोन पाकळ्या लसूण. मळून तासभर फ्रिजमध्ये, मग लांबट मुटके वळून तव्यावर. नळी नाही, म्हणजे फुटण्याचा प्रश्नच नाही.

गोव्याचं चोरीस याऐवजी चालेल का, असं माझ्या एका मैत्रिणीने विचारलं. चालणार नाही, आणि त्यात चोरीसचा अपमान आहे. ते व्हिनेगर-लाल मिरचीत मुरवून वाळवलेलं, खारट, झणझणीत. त्याच्या पुढे ढोबळी मिरची तोंडच उघडू शकत नाही. त्याला कांदा-बटाटा आणि पाव हेच बरोबर.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. पण डब्यात भरल्या भरल्या झाकण लावू नका. मी परवाच लावलं. सकाळी ऑफिसला न्यायला उघडलं तर झाकणाच्या आतून थेंब टपटपत होते आणि डब्याच्या तळाशी, रात्री तव्यावर नव्हतं ते पाणी.